कव्हर स्लिपखालची हवा

फाल्गुन लागला की होळीच्या आधीच माझी बोटं लाल होतात. सॅफ्रॅनिन नावाचा रंग असतो, झाडाच्या पातळ कापाला चढवतात तो. हाताला लागला की लागला. कितीही साबण घासा, नखांच्या कडेला आठ-पंधरा दिवस ठाण मांडून बसतो. सासूबाई होत्या तोवर त्यांना याचा भारी राग. "सून कॉलेजात शिकवती का रंगाऱ्याकडं कामाला जाती, काय कळंना बाई," असं त्या शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या. परभणीत मी तीसेक वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवतेय. या वर्षीही बोटं लाल झालीत. रंगाला काय कळतंय कुणाच्या घरी काय झालंय ते.

माझा नवरा गेला. आश्विनात. वालूरला आमच्या शेतात सोयाबीनची रास चालू होती. माणिक मळणीयंत्रापासून जरा बाजूला सावलीत जाऊन बसला, पाणी मागितलं, आणि तांब्या येईपर्यंत सगळं संपलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी मध्येच कुठं घसरले तर समजून घ्याल. सजवून रडणं मला जमत नाही. मला शिव्या देता येतात, मार्क कापता येतात आणि सेक्शन काढता येतं.

सेमिस्टर आल्यापासून परीक्षा वर्षातून दोनदा येतात. पण माझ्या अंगात बसलीय ती ही उन्हाळ्याच्या तोंडावरची प्रॅक्टिकल. बाहेर निंबाचा पाला गळायला लागलेला, रानात ज्वारीची काढणी चाललेली, करडईच्या काट्यांनी बाया हाताला फडकी गुंडाळून बसलेल्या. आणि इथं लॅबमध्ये लवंगेच्या तेलाचा, स्पिरिटचा, ओल्या देठांचा असा मिळून एक वास. पंखे बंद, कारण कव्हर स्लिप म्हणजे नखाएवढी काच, कागदाहून हलकी. पंखा लावला की उडून जाते. मग खिडक्या सताड उघड्या टाकायच्या आणि घाम पुसत बसायचं. पोरं कुरकुरतात. आम्हीही कुरकुरत होतो.

सेक्शन काढणं म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. एखादं कोवळं खोड डाव्या हाताच्या चिमटीत उभं धरायचं. अंगठा जरा खाली ठेवायचा, नाहीतर रक्त निघतं. उजव्या हातात दाढीचं ब्लेड, तेही अर्धं. ब्लेड आणि खोड दोन्ही पाण्यानं ओलं करायचं आणि एका दमात, तिरपं, आपल्याकडं ओढायचं. करवतीसारखं पुढं-मागं करायचं नाही. असे भराभर काप काढत जायचे आणि बशीतल्या पाण्यात सोडायचे. जाड काप लगेच दिसतात, डोळ्यात भरतात. ते घ्यायचे नाहीत. पाण्यात जो जवळजवळ दिसेनासा होतो, तो ब्रशनं उचलायचा. त्याला रंग द्यायचा, काचेवर ग्लिसरीनचा थेंब टाकून त्यात ठेवायचा, आणि वरून कव्हर स्लिप सुईच्या आधारानं हळूहळू, तिरकी टेकवत आणायची. हळूहळू! हा शब्द मी आयुष्यात जेवढा ओरडून सांगितला तेवढा दुसरा कुठलाच नाही. कारण घाई केली की खाली हवा अडकते. बुडबुडा राहतो.

या बुडबुड्यानं मला फार छळलंय. सूक्ष्मदर्शकात तो फार देखणा दिसतो. गोल, गरगरीत, काळ्याभोर कडेचा. पहिल्या वर्षाचं पोरगं डोळा लावतं, त्याला खऱ्या पेशी दिसतच नाहीत, हा तेवढा दिसतो. मग ते जीव लावून त्याचं चित्र काढतं, छटा देतं, बाण काढून 'पेशी' असं लिहितं. दर वर्षी हेच. मी लाल पेनानं काट मारून लिहीत आलेय, 'ही पेशी नव्हे, हवा आहे.' मार्क कट.

माणिकनंही हेच चित्र काढलं होतं. माझ्या शेजारी बसून.

आमच्या वेळी लॅबमध्ये दोघांत एक ब्लेड मिळायचं. कागदासकट मधोमध वाकवलं की कट्कन मोडतं, अर्धं तुझं, अर्धं माझं. हजेरीच्या क्रमानं जोड्या लावलेल्या, त्यात माझ्या वाट्याला हा वालूरचा शेतकऱ्याचा पोरगा आला. हात असे की नांगराची मूठ धरायला बरे. त्याचं सेक्शन म्हणजे भाकरी. एका बाजूनं जाड, दुसऱ्या बाजूनं करपलेलं. मी म्हणायचे, "माणिक, हे रंगवायचं का कालवणात टाकायचं?" तो हसायचा. त्याला राग यायचाच नाही, हे मला तेव्हा फार संतापजनक वाटायचं.

एकदा असाच फाल्गुन, बाकीचे निघून गेलेले, मी ब्लेड पुसत होते. तो बशीत बघत म्हणाला, "सुधा, माझं सेक्शन तुझ्यासारखं पातळ यायला लागलं की तुला एक विचारायचंय."

मी म्हटलं, "मग म्हातारपणीच विचार."

पंधरा दिवस तो लॅब बंद होईपर्यंत बसला. सूर्यफुलाचे दांडे सोलून सोलून ढीग केला. बोटांना चिकटपट्ट्या. शेवटी प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी ब्लेड टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "पातळ काय येईना बाई. विचारूनच टाकतो." आणि विचारलं. मी हो म्हणाले. त्याच्या मामानं रीतसर येऊन बोलणी केली, घरच्यांना वाटलं त्यांनीच जमवलं. बिचाऱ्यांना शेवटपर्यंत तसंच वाटत राहिलं.

लग्नानंतर माणिकचं 'अहो' झालं. सासूबाईंच्या पुढं नाव घ्यायची सोय नव्हती आणि पुढं तीच सवय पडली. फक्त लॅबमध्ये तो आला की आपसूक तोंडातून 'माणिक' निघायचं. भिंती त्याच नव्हत्या, कॉलेज दुसरं होतं, पण वास तोच ना.

आणि तो यायचा. दर फाल्गुनात. प्रॅक्टिकलला ताजी खोडं लागतात, त्यांना आम्ही मटेरियल म्हणतो. इतर कॉलेजांत मटेरियलवरून बोंब असते. मी कधी बोंब मारली नाही. संक्रांत झाली की माणिक विहिरीजवळच्या वाफ्यात एक तास सूर्यफुलाचं आणि एक मक्याचं टाकायचा, फक्त माझ्या परीक्षेसाठी. आमच्याकडं शेतातल्या ओळीला तास म्हणतात. सूर्यफूल आता आमच्या भागात कोण पेरतंय? सगळीकडं सोयाबीन नाहीतर कापूस. लोक बांधावरून जाताना विचारायचे, "माणिकराव, एवढ्याशा फुलांचं काय तेल काढता का काय?" तो सांगायचा, "तेल न्हाई हो, मॅडमचं तास हाय ते. फूल यायच्या आतच कापायचंय." लोकांना वाटायचं गडी थट्टा करायलाय.

पहाटेचे कोवळे दांडे कापून, ओल्या पोत्यात गुंडाळून, मोटरसायकलच्या मागं बांधून तो पोरं लॅबमध्ये यायच्या सुमाराला दारात हजर. पायात चिखल, डोक्याला रुमाल. "मॅडम, मटेरियल आलंय. उतरून घ्या, आन् सही करा." पोरं त्याला मटेरियलवाले काका म्हणायची. मी म्हणायचे, "चिखलाचे पाय बाहेर ठेवा." तो म्हणायचा, "पाय बाहेर ठेवून आत कसं यावं, तेवढं शिकवा." सगळी लॅब खिदळायची आणि माझी शिस्त गेली पाण्यात.

आत्ता हे लिहिताना मला त्याच्या रुमालाचा वास आठवला. घामाचा आणि सूर्यफुलाच्या चिकाचा.

गेल्या फाल्गुनात काय झालं ते सांगते. तो मटेरियल टाकून निघालाच होता, तर एक पोरगी म्हणाली, "काका, तुमी बी बीएस्सी केलंय म्हणं. काढून दाखवा की एक." मी म्हटलं, "नको ग, भाकरी करतील." झालं. गडी इरेला पेटला. हात धुतले, रुमाल सोडला, स्टुलावर बसला. अर्धं ब्लेड मागून घेतलं. चष्मा आणला नव्हता, माझाच लावला. पोरं भोवती गोळा. दोन-चार काप बशीत पडले, जाडजूड, नेहमीचे. मग त्यानं जरा थांबून दांडा पुन्हा धरला आणि ब्लेड ओढलं. बशीत काही पडलेलं दिसलं नाही. मी वाकून बघितलं. पाण्यात कडेला काहीतरी होतं, नव्हतं.

"आलं," तो म्हणाला. "सुधा, अगं आलं!"

सगळ्यांसमोर सुधा. पोरी एकमेकींना कोपरं मारायला लागल्या. मी ते ब्रशवर घेतलं. सबंध, गोल, एका जाडीचं. रंग चढवून काचेवर घेतलं, तर हा म्हणतो कव्हर स्लिप मीच ठेवणार. आणि आनंदाच्या भरात धप्पदिशी ठेवून दिली. सुई नाही, तिरकी नाही, काही नाही. डोळा लावला तर सेक्शन असं की पुस्तकात छापावं, अन् बरोबर मधोमध, मऊ गराच्या भागात, टपोरा बुडबुडा.

"बबल आहे," मी म्हणाले. "मार्क कट."

"असू द्या की मॅडम. थोडी हवा लागतीच आत." मग जरा खाली वाकून, पोरांना ऐकू जाणार नाही असं वाटून, पण ऐकू गेलंच, म्हणाला, "आता विचारायला हरकत न्हाई ना?"

मी म्हणाले, "काय विचारायचंय?"

"इचार करून ठेवतो," म्हणाला आणि रुमाल बांधून गेला.

पोरं गेल्यावर मी त्या काचेच्या कडांना नेलपॉलिश लावलं. ग्लिसरीनचं सेक्शन टिकवायचं तर अशी कडा बंद करतात. बुडबुडा काढला नाही. काढता आला असता, कडेनं सुई घालून एका मिनिटाचं काम. पण त्याची ती धप्पकन टेकवलेली काच मला तशीच पाहिजे होती. लेबल लावलं नाही. काय लिहिणार होते? कपाटात वेगळी ठेवून दिली.

आश्विनानंतर लोक मला फोटो पाठवत राहिले. मुलीनं पुण्याहून त्याचे आवाज पाठवले, फोनवर जपून ठेवलेले. 'बाबा बोलायलेत ऐक,' म्हणून. मला नाही ऐकवत ते. फोटोत तो फोटो काढून घेताना जसा ताठ बसायचा तसा बसलाय, आणि फोनवरचा आवाज नळीतून आल्यासारखा. मला आठवण झाली ती त्या काचेची. त्यात त्या सकाळची हवा आहे. खिडकी उघडी होती, तो हसत होता, बोलत होता, श्वास टाकत होता, आणि त्यातली चिमूटभर त्यानं स्वतःच्या हातानं झाकून ठेवली. मी विज्ञान शिकवते. हवा ग्लिसरीनमध्ये थोडीथोडी मुरते, बुडबुडा बारीक होतो, हे मला कुणी सांगायला नको. कळतं मला. तरी मी दिवाळीनंतर कॉलेजात रुजू झाले त्या दिवशी आधी कपाट उघडलं. बुडबुडा होता. जरासा लहान झालेला, पण होता.

मग रोजचंच झालं. पोरं यायच्या आधी काच काढायची, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची, डोळा लावायचा. आधी लाल जाळी, दांड्याच्या नळ्या, आणि मग तो, काळ्या कडेचा. "आहेस का?" असं मी एकदा मोठ्यानं म्हणाले आणि स्वतःच दचकले. वेड लागलं म्हणा. मला त्याच्यावाचून करमत नाही, एवढंच आहे ते. घरी ताट वाढते तर दोन वाढते. तो शेतावर मुक्कामाला असायचा तेव्हाही मी एकटीच जेवत होते की, तेव्हा कधी चुकून दुसरं ताट घेतलं नाही.

संक्रांत आली, गेली. तास कुणी टाकलं नाही. दिरानं विचारलं होतं, "वैनी, त्या वाफ्यात काय करावं?" मी म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा." त्यांनी लसूणघास टाकला. बरोबरच केलं, जनावरांना लागतो. फाल्गुनात लॅबवाल्यानं विचारलं, "मॅडम, औंदा मटेरियल?" मग कॉलेजच्या मागं कंपाउंडला एरंड उगवलाय, त्याची कोवळी फांदी तोडली. एरंडावर भागवलं या वर्षी. पोरं म्हणाली, "मॅडम, काका न्हाई आले?" पहिल्या वर्षाच्यांना माहीत नव्हतं, त्यांनी मोठ्यांकडून फक्त मटेरियलवाल्या काकांचं ऐकलेलं. एका पोरीनं दुसरीला चिमटा काढला. मी म्हणाले, "ब्लेड ओलं करा. हळूहळू ओढा."

परीक्षेच्या आधी आमच्याकडं एक काम असतं. वर्गातल्या जुन्या स्लाइडा बाहेर काढून दुरुस्त करायच्या. ग्लिसरीन सुकलेलं असतं, कडा सुटलेल्या असतात, हवा शिरलेली असते. चांगल्या हाताच्या दोन-तीन पोरी निवडून मी ते त्यांच्यावर सोपवते. या वर्षी वैष्णवी होती. चुडाव्याची, रोज रेल्वेनं येते, गाडी उशिरा आली तर धापा टाकत येते पण येते. हात इतका हलका की मी तोंडावर कौतुक करत नाही, शेफारेल म्हणून.

त्या दिवशी मी नेहमीसारखी लवकर आले. काच लावली, डोळा लावला. तेवढ्यात प्राचार्यांचं बोलावणं आलं, बाहेरचे परीक्षक कधी येणार, त्यांच्या जेवणाचं काय. दोन मिनिटांत येते म्हणून काच तशीच ठेवून गेले. दोन मिनिटांचा तास झाला. परत आले तर पोरी कामाला लागलेल्या, ट्रे मांडलेले, नेलपॉलिशचा वास. वैष्णवी माझ्या सूक्ष्मदर्शकाशी वाकून उभी.

"मॅडम, ही बघा," ती म्हणाली. डोळे नुसते चमकत होते. "हिच्यावर लेबल न्हाई, कुण्या बॅचची हाय काय की. पण सेक्शन लय भारी आलंय मॅडम! एवढं सुंदर मी अजून बघितलं न्हाई. फक्त मधी बबल होता, एका बाजूनं नेलपॉलिश बी सुटलं होतं. मी तुमी सांगितल्यावानी सुई घालून हळूच कव्हर स्लिप उचलली, ग्लिसरीनचा एक थेंब टाकला आन् तिरकी टेकवत आणली. सगळी हवा निघाली. आता बघा."

मी स्टुलावर बसले. डोळा लावला.

स्वच्छ होतं. मधला गर पहिल्यांदाच सबंध दिसत होता, एकेक पेशी मोजून घ्यावी अशी. तिनं कड पुन्हा नीट बंद केली होती, एवढीशीसुद्धा पसरू न देता. त्याचं सेक्शन मीही इतकं चांगलं लावून दिलं नसतं. डोळा भिंगाला लावलेला होता म्हणून बरं, कुणाला दिसलं नाही.

"चुकलं का मॅडम काही?" वैष्णवीचा आवाज बारीक झाला होता.

"नाही ग," मी म्हणाले. "शाब्बास. पैकीच्या पैकी."

ती खुलली. मैत्रिणीकडं बघून हसली आणि पुढची काच उचलायला गेली. मी उठले. खिडकी नेहमीसारखी सताड उघडी होती, बाहेर निंबाचा पाला वाऱ्यानं भरभर उडत होता. मी ती ओढून घेतली, कडी लावली. मग दुसरी. मग कोपऱ्यातली, जी कधी लागत नाही, ती खांद्यानं रेटून लावली.

"मॅडम, पंखा बी बंद हाय," वैष्णवी म्हणाली. "लय उकडायलंय की."

"उकडू दे," मी म्हणाले. "थोडा वेळ असू दे बंद."